टकटक सरांचं हव

समोर काहीही आलं की त्यावर बोटाच्या पेराने टकटक केल्याशिवाय सरांना चैन पडत नसे. रायपूरच्या सदर बाजारात टरबुजावर टकटक करणारे पुष्कळ असतात. सर दुकानाच्या फळीवर करत, स्कूटरच्या टाकीवर करत. आमच्या समता कॉलनीतल्या नव्या घराची भिंत वाजवून "पोकळ आहे, ठेकेदारानं सिमेंट खाल्लं" असं बाबांच्या तोंडावर सांगून ते मोकळे झाले होते.

मी त्यांची विद्यार्थिनी. त्यांचं संशोधनही टकटकीचंच. समुद्रतळाखालच्या दगडांत वायू पाण्यासोबत गोठून बर्फासारखा अडकून बसतो. सर पोलादी नळकांड्यात वाळूच्या दगडाचा तुकडा ठेवून, थंडी आणि दाब देऊन तसला बर्फ तयार करत. मग एका टोकाने ध्वनिलहर सोडायची आणि दुसऱ्या टोकाला ती किती वेगाने पोचते ते पाहायचं. "बर्फ नुसता पाण्यात तरंगला, तर लहर त्याले विचारत नाही," ते म्हणायचे. "कणाकणाले धरून बसला, की दगड पक्का होते अन् लहर पळते."

यंत्राच्या पडद्यावर लहर पाहताना सरांचे कान बंद. कोणी काही विचारलं की "हव" म्हणायचे. छत्तीसगढीत हव म्हणजे हो. सरांच्या तोंडी त्याचा अर्थ 'आता जा' एवढाच. त्यांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, याच हववर घरात सोफा आणला होता.

नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झालं, आणि कार्यालयांना माणसंही पुरेनात आणि खोल्याही. त्याच हिवाळ्यात सरांना समुद्रतळाच्या सर्वेक्षणाच्या जहाजावर जायचं होतं. उभा जन्म त्यांनी त्याची वाट पाहिली होती. एका दुपारी भोपाळहून आलेले आमच्या संस्थेचे नवे संचालक दारात उभं राहून काहीतरी विचारून गेले. सर पडद्यावरून नजर न काढता "हव" म्हणाले. आठवड्याभरात आदेश आला: खनिज विभागात बदली, स्वतःच्या संमतीने, प्रयोगशाळा रिकामी करावी.

सर धावत गेले. आपणच तर हव म्हणालात, असं संचालकांनी शांतपणे सांगितलं. मी भयंकर चिडले, ऐकलं नव्हतं म्हणून सांगा ना, असं सरांना म्हटलं.

"सांगतलं. पण फाइल पुढे गेली, पोरी. अडकलो मी."

शेवटच्या दिवशी सरांनी नळकांड्याची झडप मला उघडायला लावली. दाब उतरला, बर्फ विरघळला, लहर मंदावत गेली. वायू फुसफुसत बाहेर पडला तेव्हा सर खिडकी उघडून पाठमोरे उभे होते.

"जहाजावर तुझं नाव लिहून देल्लं."

"माझं काहून, सर?"

"कोणी तर सुटलं पाहिजे इथून."

मी गेले. परतल्यावर मंत्रालयात त्यांना भेटायला गेले, तर फायलींच्या ढिगामागे बसले होते. दगडांबद्दल विचारतील म्हणून मी सगळी तयारी करून गेले होते. त्यांनी चहा मागवला आणि हळूच विचारलं, "पाणी खरंच एवढं खारं असते काय गं?"

समुद्र त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. मी हो म्हणाले.