आहेराचा आवाज

"चेहरा फुटाले नको, भाऊ," असं म्हणत तो पडद्यावरच्या नवरीच्या गालाला बोट लावायचा आणि मग ते बोट शर्टाला पुसायचा. जणू हळद लागली असावी.

नव्वदच्या दशकाचा शेवट. जळगावात माझं लग्नाच्या शूटिंगचं दुकान होतं. लोक जुन्या कॅसेट आणून द्यायचे, आम्ही त्यांच्या सीड्या करायचो. हे काम तो बघायचा. साक्रीकडचा, एकटा, दुकानामागच्या खोलीत राहणारा.

एका सीडीत नीट दिसेल असं तासाभराचंच चित्र मावायचं. लग्न तीन तासांचं आणि गिऱ्हाइकाला सगळं एकाच सीडीत हवं. कॉम्प्युटरवर चित्राच्या दर्जाचा आकडा खाली आणला की लग्न मावायचं, पण नाचणाऱ्या माणसांचे चौकोनी तुकडे व्हायचे. तेच चेहरा फुटणं. भटजी फारसे हलत नाहीत म्हणून मंगलाष्टकांना कमी आकडा, वरातीला जास्त, असं तो ठरवत बसायचा. मी घाई केली की म्हणायचा, "मावशी नाचतेय भाऊ, तिचं नाक तरी राहू द्या."

गावात त्याचं कोणी नव्हतं, ओळखी मात्र अफाट. बाजारात एखाद्या बाईला विचारायचा, "अक्का, धाकटा आता रडत नाही ना?" बाई घाबरून पिशवी जवळ ओढायची. त्याने ते पोर आठवडाभर पडद्यावर रडताना पाहिलेलं असायचं. बाईने त्याला कधीच पाहिलेलं नसायचं.

त्या सीड्या तुम्हीही पाहिल्या असतील. मूळ आवाज काढून वर सिनेमाची गाणी घातलेली. मंडपातला कलकलाट कोणाला हवा? माझ्या दुकानात हा नियम माझाच होता.

मग साक्रीजवळच्या एका लग्नाची जुनी कॅसेट आली. आहेराचा भाग सुरू झाला. पाहुणे एकेक करून भांडं घेऊन पुढे येत होते आणि कोणीतरी माईकवर त्यांची नावं पुकारत होतं. तो खुर्चीतून उठून उभा राहिला. पुकारणारा त्याचा बाप होता.

बाप जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात एक फोटोसुद्धा नव्हता. आणि इथे कॅमेरा आहेर देणाऱ्यांवर, त्यामुळे बाप चित्रात कुठेच नव्हता. फक्त आवाज.

"मामानं पातेलं उनं," बाप सांगत होता. "झाकण सकायनी गाडीवर यी." मामाचं पातेलं आलं, झाकण उद्याच्या गाडीने येणार, यावर सगळा मंडप हसला. मलाही हसू आलं. त्याने तो भाग मागे नेऊन पुन्हा लावला.

गिऱ्हाइकाला नेहमीसारखी गाण्यांची सीडी आणि त्याची कॅसेट परत दिली. मूळ आवाजाची फाईल त्याने कॉम्प्युटरमध्ये ठेवली. रोज दुपारी जेवताना तो ती लावायचा. इकडे डबा उघडला की तिकडे मामाचं पातेलं यायचं. घरात कोणी बोलत असावं तशी मान हलवत तो जेवायचा.

त्याला त्या फाईलची एक सीडी हवी होती. कोऱ्या सीड्या माझ्या कपाटात असायच्या.

"चित्र फुटलं तरी चालेल, भाऊ," तो म्हणाला. "आवाज तेवढा राहू द्या."

चेहऱ्यांसाठी भांडणारा माणूस हे म्हणत होता आणि मला त्याचं काही वाटलं नाही. म्हटलं, सीझन संपू दे.

एका दुपारी घाईचं काम आलं. कॉम्प्युटरमध्ये जागा उरली नव्हती. तो डबा आणायला गेला होता. सगळ्यात मोठी फाईल तीच होती. मी पुसली. त्या लोकांकडे कॅसेट आहेच, असंही मनाशी म्हटलं.

त्याने येऊन डबा उघडला, फाईल शोधली, डबा बंद केला. मी कॅसेटचं सांगितलं. रविवारी तो साक्रीला जाऊन आला.

"कॅसेट शे, भाऊ," तो म्हणाला. "पन मॅच भरेल शे."

सीडी मिळाली म्हणून त्या घरच्यांनी कॅसेटवर क्रिकेटची मॅच उतरवून घेतली होती. तेव्हा सगळेच असं करायचे. चांगली कॅसेट वाया का घालवा?

त्याने सीझन पुरा केला. एकही चेहरा फुटू दिला नाही. जेवण मात्र खोलीत जाऊन करायला लागला. पुढे तो काम सोडून गेला. पगारावरून गेला, असं मी सगळ्यांना सांगितलं. पगाराबद्दल तो कधी बोललाच नव्हता. सुरतेला आहे असं कोणीतरी म्हणालं, नंतर तेही ऐकू आलं नाही.

त्या लग्नाची नमुन्याची एक सीडी माझ्याकडे राहिली आहे. घरात आता मी एकटाच, म्हणून कधीतरी लावतो. सिनेमातलं गाणं चाललेलं असतं, ते मी बंद करतो. मामा पातेलं घेऊन पुढे येतात. चित्र इतकं स्वच्छ की त्यांच्या मिशीतला पांढरा केससुद्धा दिसतो. मग अख्खा मंडप एकदम हसतो आणि मामा, नवरानवरी, मागच्या बाया, सगळे डावीकडे बघतात, चित्राच्या बाहेर.