आणखीबाईंच्या कोंबड्या

माझ्या सासूबाईंना कारखान्यात सगळे आणखीबाई म्हणायचे. एकतीस वर्षं त्या तिथल्या कॅन्टीनमध्ये वाढायला होत्या. ताटात डाव उपडा केला की पाठोपाठ "आणखी घ्या" हे ठरलेलं. माणशी एक डाव पोटाला आणि एक मनाला, हा त्यांचा नियम. मॅनेजर पाच बदलले, नियम बदलला नाही. समोरच्याने नको नको म्हणत ताटावर हात आडवा धरला, तर बोटांच्या फटीतून वाढतील अशी बाई. मी लग्न होऊन आले तेव्हा अठ्ठेचाळीस किलोची होते. आता किती आहे ते विचारू नका, वजनकाटा मीच माळ्यावर टाकलाय.

रिटायर झाल्यावर त्यांना काही सुचेना. घरात खाणारी माणसं तीन, त्यात नवरा सकाळी सातलाच डबा घेऊन बाहेर, आणि मी डाएटवर. मग त्यांनी मागच्या अंगणात जाळी ठोकून घेतली आणि आठ कोंबड्या आणल्या. मी वैतागले होते, खोटं कशाला सांगू. कपडे वाळत घालायची जागा गेली आणि वर वास आला. पण बाई पुन्हा माणसात आल्या. सकाळी विकतचं खाद्य, दहाला भाताची खरवड, दुपारी मका, संध्याकाळी तेलात परतलेले पावाचे तुकडे. कोंबड्या गुटगुटीत झाल्या, अंड्यांना खळ नाही, आणि बाई दिसल्या की आठही जणी जाळीला चोची लावून उभ्या. कॅन्टीनची रांग परत लागली, असं त्या हसत सांगायच्या.

ऐन उन्हाळ्यात एका सकाळी त्यातली सगळ्यात देखणी, तांबडी, अंडी घालायच्या खोक्यात मेलेली सापडली. अंगाखाली ताजं अंडं होतं. पिसं चकचकीत, आदल्या संध्याकाळी चांगलं खाल्लेलं, शिंक नाही की हगवण नाही. बाईंनी ती झाडाखाली पुरली. तीन दिवसांनी दुसरी गेली, खाण्याच्या भांड्याशेजारीच. आता मात्र त्यांचं जेवणातलं लक्ष उडालं. उरलेल्या सहा जगतील की नाही, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

आणि इथे मी माझं तोंड उघडलं. भिंतीपलीकडे मीटरकाका राहतात. नोकरीत असताना घरोघरचे विजेचे मीटर वाचायचे, बायको गेल्यापासून एकटे. मागे कोंबड्यांनी भिंत ओलांडून त्यांची वांग्याची रोपं उकरली होती, तेव्हा "एक दिवस यांचा बंदोबस्त करतो" असं ते चारचौघांत बोलले होते. मी, अतिशहाणी, बाईंना सांगून बसले की परवा दुपारी भिंतीवरून काकांचा हात आत आलेला मी पाहिला. हातातून काहीतरी पडलं आणि कोंबड्या धावल्या. पाहिलं ते खरंच होतं. पण सांगताना मी त्याला जे तिखटमीठ लावलं, त्याची मला अजून लाज वाटते.

दुसऱ्याच दिवशी तिसरी मेली. बाई तडक गल्लीत गेल्या. काका दारात उभे होते, हातात धुतलेला पेला. इस्त्रीवाला, दूधवाला, समोरच्या दोन बायका, सगळ्यांच्या देखत बाई म्हणाल्या, "विष घालून मारल्यात तुम्ही माझ्या पोरी."

एरवी बिलातल्या एका आकड्यासाठी तासभर हुज्जत घालणारा माणूस. त्या दिवशी मात्र पेला घेऊन तसेच आत गेले आणि कडी लावून घेतली. झालं, गल्लीचा निकाल लागला. इस्त्रीवाल्याने त्यांचे कपडे परत पाठवले. मुलांना त्यांच्या ओट्यावर खेळायला बंदी झाली. काका चार दिवस बाहेर दिसले नाहीत, आणि मला आपलं उगाचच वाटत राहिलं की खऱ्या गुन्हेगाराने निदान दोन शिव्या तरी घातल्या असत्या.

बाईंना पोलिसांत जायचं होतं. पुरावा म्हणून तिसरी कोंबडी त्यांनी दोन पिशव्यांत घट्ट बांधून फ्रिजमध्ये ठेवली होती, दुधाच्या पातेल्याच्या बरोबर खाली. नवऱ्याने कामावरून येऊन थंड पाण्याची बाटली काढायला फ्रिज उघडला, तेव्हाचा त्याचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. पण त्याने एक शहाणपणाची गोष्ट केली. आधी डॉक्टरांना दाखवू, मग कुठे जायचं तिथे जाऊ, असं आईला पटवलं.

जनावरांच्या सरकारी दवाखान्यातली डॉक्टर तरुण मुलगी होती आणि फटकळ. आठवड्यात तीन पक्षी गेले म्हटल्यावर ती स्वतःच आली. तोंडाला मास्क, हातात मोजे. आधी आम्हाला यथेच्छ झापलं. मेलेल्या कोंबडीला उघड्या हातांनी कशाला शिवलात, आधीच्या दोन न दाखवता पुरल्यात कशा, साथ असती म्हणजे? तपासणी होईपर्यंत अंडंसुद्धा घराबाहेर जाता कामा नये, अशी ताकीद दिली. तिसरी कोंबडी फ्रिजमध्ये आहे हे ऐकून मात्र ती खूश झाली. बर्फात न गोठवता थंड ठेवलीत ते फार बरं केलंत, म्हणाली. फ्रिज मी तिच्यासमोरच तीनदा पुसला.

मागच्या फरशीवर तिने कोंबडी उघडली. बाईंना आत जा म्हटलं तर हलायला तयार नाहीत. आत पिवळीधमक चरबी, बोटभर जाड. यकृत मातकट पिवळं, हात लावताच भुगा होणारं. त्याची एक कड फाटलेली आणि भोवती काळ्या रक्ताची मोठी गाठ. गळ्याखालच्या पिशवीत भाताबरोबर भिजवलेले शेंगदाणे निघाले. मी आणि बाईंनी एकमेकींकडे पाहिलं. नवऱ्याला चालत नाहीत म्हणून आमच्या घरात शेंगदाणे येतच नाहीत.

डॉक्टरने शेंगदाणे हुंगले, बाटलीत भरले आणि विचारलं की यांना रोज काय काय घालता. बाईंनी सांगितलं, खरवडीपासून पावापर्यंत, अगदी अभिमानाने. डॉक्टर लिहायची थांबली.

"आजी, यांना कोणी मारलं नाही. यांना फार वाढलंय."

मग तिने नीट समजावलं. यकृतात चरबी साठत जाते, ते ठिसूळ होतं. त्यात हा उकाडा आणि अंड्याचा जोर, की ते फुटतं आणि धडधाकट कोंबडी काही मिनिटांत जाते. बाटल्या ती प्रयोगशाळेत पाठवणार होती, पण तिची खात्री होती. कोंबडीला दिवसाला सव्वाशे ग्रॅम खाद्य, थोडा हिरवा पाला आणि फिरायला जागा, बस. उरलेल्या पाचांपैकी एखादी अजूनही जाऊ शकते, झालेलं नुकसान लगेच भरून येत नाही, हेही तिने स्पष्ट सांगितलं.

बाई उपड्या बादलीवर बसल्या. कोणाला उपाशी ठेवायचं नाही, एवढंच मला येतं हो, म्हणाल्या. एरवी मी त्यांना कशावरूनही टोमणा मारते, त्या दिवशी मुकाट्याने पाण्याचा पेला आणून दिला.

डॉक्टर गेल्याबरोबर त्या उठल्या. कोणाच्याही घरी डबा, वाटी, काहीतरी घेतल्याशिवाय न जाणारी बाई रिकाम्या हातांनी काकांच्या दाराशी गेली. मी मागोमाग. बऱ्याच वेळाने कडी निघाली. काकांची दाढी वाढली होती, आणि हातात कागदाची पुडी. आम्ही काही बोलायच्या आत त्यांनी ती पुढे केली.

"हे तपासायला न्या. महिनाभर मीच टाकत होतो. यातच काहीतरी असणार. मीच मारल्या त्या."

पुडीत शेंगदाणे होते. रोपं उकरली म्हणून भांडले खरे, पण नंतर एकदा सहज दोन दाणे टाकले आणि कोंबड्या त्यांच्या आवाजाला धावत आल्या. मग रोजचंच झालं. "हाक मारली की यायच्या," काका म्हणाले. "घरात माझ्या हाकेला आता कोण येतं?"

बाईंनी त्यांना डॉक्टरांचं सगळं सांगितलं. मग गल्लीत वळल्या आणि आरोप केला होता तेवढ्याच मोठ्या आवाजात, इस्त्रीवाल्याला चांगलं हाताला धरून बोलावून, म्हणाल्या की विष नव्हतं, चूक माझी होती. चुगली माझी होती, हे मीही कबूल केलं. कान गरम झाले, पण केलं. नंतर प्रयोगशाळेचा कागद आला. विष नाही, साथ नाही.

त्यानंतर रोज सकाळी बाई खाद्य मोजायच्या आणि त्याचे दोन भाग करायच्या. सकाळचा स्वतः घालायच्या, दुपारचा काकांनी यायचं आणि घालायचा. पहिले काही दिवस कोंबड्या जाळीशी उभ्या राहून इतका गोंधळ करायच्या की बाई कानांवर हात ठेवून स्वयंपाकघरात जाऊन बसत. अर्धा डाव जास्त घालायला त्यांचा हात किती शिवशिवत होता, ते मी पाहत होते. पण घातला नाही.

अकराव्या दिवशी दुपारी काका मागच्या अंगणातून निघाले ते गल्लीला वळसा घालून आमच्या पुढच्या दाराशी आले. पायात चपला नाहीत, दोन्ही हातांत पांढरी कोंबडी, मान खाली लोंबलेली. इस्त्रीवाल्याचा हात थांबला. समोरच्या बायका ओट्यावर आल्या.

"मापातच घातलं होतं हो. शपथ घेऊन सांगतो. खाता खाता खाली बसली, म्हणून उचलून घेतली, तर…"

बाईंनी गल्लीकडे पाहिलंसुद्धा नाही. कोंबडीच्या पिसांवरून एकदा हात फिरवला आणि काकांना दंडाला धरून घरात घेतलं.

"तुमच्या हातात गेली ना? मग बरं झालं. आधीच्या तिघी एकट्या गेल्या."