चिलखत घालून केजच्या छावणीत

माझी बहीण शैलाताई माझ्या छंदाला आजवर एकच शब्द वापरत आली: पसारा. मी पुण्यात एका विमा कचेरीत काम करतो आणि उरलेल्या वेळात फोमच्या शीट कापून, गरम हवेने वाकवून, चिकटवून अंतराळातल्या सैनिकांची चिलखतं बनवतो. का, ते विचारू नका. लोक तासन् तास पत्ते कुटतात, त्यांना कोणी विचारत नाही. तर दुष्काळात जनावरांसाठी चारा छावण्या लागल्या होत्या त्या उन्हाळ्यात ताईचा फोन आला, "तुझं ते सोंग घेऊन ये. काम हाय." मी लगेच रजा टाकली.

काम असं होतं. ताई लग्न होऊन केजजवळच्या एका गावी गेली, भाषेसकट तिथली झाली, आणि तिथल्या बायकांच्या दूध संस्थेची अध्यक्षही झाली. दुष्काळात दूध आटलं, तसे काही सभासद म्हणू लागले की संस्था बंद करा, खासगी डेअरीला दूध घालू. हे ठरवायला ताईने दोनदा सभा बोलावली. दोन्ही वेळा मांडवात ती आणि चहावाला एवढेच. ही तिसरी सभा. याही वेळी अर्ध्याहून जास्त सभासद जमले नाहीत, तर सहकार खात्यातले वरचे लोक संस्था गुंडाळणार होते.

"भाषनाला कुत्रं येत न्हाई," ताई म्हणाली. "सोंगाला गाव लोटतं."

पहाटे पुणे सोडलं. नगरपर्यंत रस्ता झकास, जामखेडपर्यंत बरा, पुढे मात्र खड्डे चुकवण्यात स्वतःचं डोकं वापरावं लागतं. पाटोद्यानंतर झाडं कमी आणि टँकर जास्त दिसायला लागले. मागच्या सीटवर चिलखत आणि पाठीवरची टाकी, पुढे शेजारी हेल्मेट. त्याला मी सीटबेल्टही लावला होता. टोलवरच्या माणसाने वाकून पाहिलं आणि पावती दिली.

मांजरसुंब्याला ढाब्यावर शेवभाजी आणि ज्वारीची भाकरी खाल्ली. सोबतचा ठेचा जपून घ्या, मी जपलं नाही. जेवण स्वस्त पडलं, पाणी महाग. ग्लास मागितला तर वेटरने फ्रीजमधल्या बाटल्यांकडे बोट दाखवलं. इथवर आलोच आहोत तर जवळचं कपिलधारचं देऊळ आणि धबधबाही पाहू, म्हणून गाडी वळवली. देवळात गार वाटतं, तिथून पाय निघत नाही. धबधब्याच्या जागी मात्र कोरडा खडक आणि त्यावर माकडं.

"धार कुठंय मावशी?" मी फुलवालीला विचारलं.

"यंदा नुसता देवच हाय," ती म्हणाली. "धार बघायची तर पावसाळ्यात या. पाऊस आला तर."

परत येऊन गाडीचं दार उघडलं. बंद काचांच्या आत उन्हाने गोंद सुटून हेल्मेटच्या फाका सोललेल्या संत्र्यासारख्या उघड्या पडल्या होत्या. तुम्ही फोमचं काही घेऊन मे महिन्यात मराठवाड्यात जाणार असाल तर गाडी सावलीत लावा. सावली मिळाली नाही तर परत फिरा.

संध्याकाळी ताईच्या ओट्यावर मी त्या फाका मांडून बसलो. गोंदाची बाटली पुण्यातच राहिली होती. ताईने कपाळावर हात मारला नाही, हेच विशेष. तिने जुनी वर्तमानपत्रं भिजत घातली. पूर्वी घरोघरी कागदाचा लगदा आणि मेथीचं पीठ कालवून टोपल्या करायचे, तसा लगदा तिने केला. मी फाका दोरीने बांधल्या आणि तिने वरून जाड थर दिला. वास आमच्या आईच्या हातच्या लाडवांचा येत होता. पुण्यात हे वाळायला तीन दिवस लागले असते, इथे दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते टणटण वाजायला लागलं. रंग नव्हता, म्हणून चुलीतली राख चोळली. खरं सांगायचं तर फोमपेक्षा ते जास्त लोखंडी दिसत होतं.

सभा छावणीतच ठेवली होती, कारण सगळे सभासद जनावरांबरोबर तिथेच मुक्कामाला होते. ऊन कलल्यावर मी चिलखत चढवून, छातीवरचे निळे दिवे लावून पाचटाच्या आणि म्हशींच्या मधून चालत गेलो. गाव लोटलं, हे ताईचं म्हणणं खरं ठरलं. कौतुक मात्र वेगळ्या दिशेने चाललं होतं.

"फवारनीचं नवीन निघालंय का हे?" एकाने विचारलं.

"मागच्या टाकीत पानी हाय का?" दुसऱ्याने.

टाकी पुठ्ठ्याची आहे म्हटल्यावर त्याचा माझ्यातला रस संपला. मग सोजरमावशी पुढे आल्या. संस्था बंद करा म्हणणाऱ्यांच्या त्या म्होरक्या. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"ह्यो कोन म्हनायचा, शैला?"

"पानी संपलेल्या ग्रहावरचा सैनिक हाय, मावशी."

"मंग आपल्याच तालुक्यातला की," मावशी म्हणाल्या, आणि बायका पदर तोंडाला लावून हसल्या.

ताईने ती वेळ साधून सभा सुरू केली. पण मला पाहून झालं होतं. ती दोन वाक्यं बोलली असेल नसेल, एक बाई वैरण टाकायला उठली, तिच्यामागे दुसरी. बघता बघता मांडव अर्धा झाला. ताईचा आवाज थरथरायला लागला. मी तिला लहानपणापासून ओळखतो, ती भांडताना थरथरत नाही. मला फार वाईट वाटलं आणि काही सुचेना, म्हणून मी एक हात वर करून दुसऱ्याने छातीवरचे दिवे चालू-बंद केले. समोरच्या बायका खदखदून हसल्या. मला वाटलं, जमलं. मग डोक्यामागे करकर ऐकू आलं.

सोजरमावशींची मैना नावाची म्हैस दावं ताणून माझं हेल्मेट खात होती. मी ते डोक्यावरून काढेपर्यंत मागची बाजू गेली होती.

"अगं बया, काय खाल्लं हिनं?" मावशी धावल्या. "शैला, तुझ्या भावाच्या सोंगात काय हाय?"

"ताई, काय घातलं होतंस त्यात?" मी विचारलं.

"मेथी कमी पडली," ताई हळूच म्हणाली. "मंग म्हशीच्या खुराकातली सरकीची पेंड घातली."

उठून गेलेल्या बाया परत आल्या, येताना आणखी चौघींना घेऊन आल्या. संस्थेचे जनावरांचे डॉक्टर छावणीतच होते. त्यांनी मैनाचं पोट तपासलं, उरलेलं हेल्मेट उलटसुलट करून पाहिलं. आतला फोम दातांच्या खुणांसह शाबूत होता. गेला होता तो लगदा.

"रवंथ करायला लागली की काळजी मिटली," डॉक्टर म्हणाले. "तोवर थांबा."

मावशी मैनाच्या गळ्याला हात घालून खाली बसल्या. त्यांचा चेहरा पाहून कोणी हसेना, आणि कोणी उठेही ना. दुष्काळात म्हैस जगवलेल्या बाईला सोडून कोण जाणार? ताईने एकदा सगळ्यांकडे पाहिलं.

"बसलोच हाव, तर सभा उरकू?"

"उरक," मावशी म्हणाल्या. "मी कुठं चाललेय हिला सोडून."

"दूध होतं तवा डेअरीची गाडी दारात येत व्हती," ताई म्हणाली. आता आवाज तिचा होता. "दूध आटलं, गाडी बंद. आपल्या संस्थेचा दुधाचा काटा येक दिवस तरी बंद व्हता का?"

संस्था चालू ठेवायची त्यांनी हात वर करा, ती म्हणाली. एकेक हात वर झाला, मांडवभर झाले. मावशींचे दोन्ही हात मात्र मैनाच्या गळ्यातच होते. तेवढ्यात मैनाचा जबडा सावकाश हलू लागला, डावीकडून उजवीकडे. मावशींनी पदराने डोळे पुसले, आणि एक हात म्हशीवर तसाच ठेवून दुसरा वर केला. मला हसू यायला हवं होतं, रडू आलं. डोक्यावर हेल्मेट नसल्याने ते सगळ्या छावणीने पाहिलं.

पुण्यात छंदातले मित्र तो फोम हातात घेऊन विचारतात, लढाईच्या खुणा इतक्या हुबेहूब कशा केल्यास? खरं सांगितलं तर विश्वास ठेवत नाहीत. खर्च विचाराल तर पेट्रोल, पाणी आणि एक हेल्मेट. एवढ्या खर्चात मला आयुष्यातले सर्वांत चांगले प्रेक्षक मिळाले, आणि त्यांतली सर्वांत रसिक एक म्हैस होती.

पाऊस बरा झाला, छावणी उठली. दिवाळीच्या आधी ताईने पुढच्या सभेची तारीख सांगायला फोन केला. मागे कॅन आदळल्याचा आवाज येत होता. मी विचारलं, "नवीन हेल्मेट घेऊन येऊ?"

"नगं," ती म्हणाली. "आता बाया आपसूक येतात. तू नुसताच ये. दूध वाढलंय, कॅन उचलायला घरचा मानूस पायजे."

इतका मान मला चिलखतात कधी मिळाला नव्हता.