मांगच्या सालची गाडी

शालिग्राम म्हणजे आमच्या वडनेर भोलजीचा लाईनमन. वादळात डीपी उडाली की अख्खं गाव त्याच्या नावानं बोंबलते, आन् लाईट आली की कोणी त्याले चहाले बी इचारत नाई. असं आमचं गाव. मी दयाराम. माही पिठाची चक्की त्याच्या घराले लागून हाये, म्हणून लाईट गेली की पहिली बोंब माहीच असते. लहानपणापासून आम्ही एका ताटात जेवलो, तवा त्याच्याबद्दल बोलाचा मले हक्क हाये.

हा माणूस पहिले लय बोलका होता. खांबावर चढला की वरूनच अख्ख्या गल्लीची मजा घेत होता. त्याची बायको निशिगंधा अंगणवाडीत मदतनीस, ते त्याच्याही वरची. दोघं आपल्या खटारा गाडीवर बाजाराले निघाले की भांडत जात आन् हासत वापस येत. निशिगंधाले एकच हौस होती. लांब गाडी. ते पाय पुढे टाकून, आरामखुर्चीत बसल्यावानी चालवाची असते ना, क्रूझर फटफटी म्हणतात, ते. हायवेवरून तसल्या गाड्याइची रांग जातांना तिनं एकदा पाह्यली आन् नवऱ्याच्या मांगं धोशाच लावला.

मांगच्या दसऱ्याले घ्याचं ठरलंही होतं. पण शालिग्राम म्हणे, "आता काऊन घ्याची? साल बदलाले आलं. जानेवारीत घेऊ. नवं मॉडेल येते, कागदावर नवं साल लागते, पुढं इकाले गेलो तं भाव येते." बरं, त्याचं काय चुकलं? सारे तसंच करतात. मी असतो तं मीही तेच म्हणलं असतं. निशिगंधा दोन दिवस फुगून बसली, मंग राजी झाली.

नोव्हेंबरात तुळशीचं लग्न झालं, आन् त्याच हप्त्यात निशिगंधा गेली. भाकरी थापता थापता छातीत कळ आली. मलकापूरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत काही राह्यलं नव्हतं.

शालिग्राम रडला नाई. स्मशानात नाई, दसव्याले नाई, तेरवीले नाई. ताट वाढलं तं जेवे, नाई वाढलं तं तसाच ड्युटीवर जाये. "भाजीत मीठच नाई रे," म्हणलं तं "चालते." "शर्ट उलटा घातला बे," म्हणलं तं "चालते." मले त्या 'चालते'ची अशी चीड आली होती, की वाटे त्याच्या दोन थोबाडीत द्याव्या. एक दिवस तर लाईन बंद हाये का चालू, हे न पाहताच खांबावर हात टाकाले निघाला. सोबतच्यानं मांगून ओढला म्हणून वाचला. मी चक्की सोडून पळत गेलो, शिव्या घातल्या. "मेला असता ना भाड्या!" तं मले म्हणे, "हो." बस, एवढंच. त्या दिवशी मले खरं भेव लागलं. या माणसाले जगाचं काही पडलेलंच नव्हतं. त्याले काही तरी पाहिजेसं वाटलं पाहिजे, मंग ते कायबी असो, नाई तं हा एक दिवस खांबावरच राहीन, असं मले वाटून राह्यलं होतं.

उन्हाळ्यात त्याच्या खटाऱ्याचं इंजिन बसलं. लाईनमनले गाडी तं लागतेच. मी लगेच म्हणलं, "आता लांब गाडीच घे. वहिनीची हौस होती." तो म्हणे, "चालते."

पण त्याची माय रुखमाबाई आडवी आली. घरातलं माणूस गेलं की वर्ष होईपर्यंत आमच्यात नवी वस्तू घरात आणत नाईत. चप्पल तुटली तं सांधून घालतात, पण नवी घेत नाईत. म्हातारी काही केल्या आयके ना. मंग पारावर पंचायत बसली. कडूबा बुढा आमच्याकडे अशा गोष्टीचा जज. त्यानं तंबाखू मळत निकाल देला, "सून जिती असतांना बनलेली गाडी असंन, तं ते नवी कशी? ते तं पहिलेच दुनियेत आली होती. तसली पाहा. दोष नाई." मले हासू आलं, पण रुखमाबाई मानली, म्हणून मी गप राह्यलो.

मलकापूरच्या शोरूममधी ऋत्विक नावाचा पोरगा गाड्या दाखवत होता. पहिले त्यानं नवं मॉडेल दाखवलं. नवा रंग, नवा लाईट, मोबाईल चार्ज कराची सोय. "आणि ही मागच्या सालची, एकच शिल्लक आहे. सूट चांगली मिळेल. फक्त विकताना एक साल जुनी धरतील, हं." मी दोन्ही गाड्याइची चाकं दाबून पाह्यली, हँडल हालवले, घासाघीस केली. शालिग्राम काचेतून बाहीर जाणारे ट्रक पाहत होता.

"कोणती घेऊ?" मी इचारलं. घ्याची तं मांगच्या सालचीच होती, पण त्यानं तोंडानं काही मागावं, असं मले वाटे.

"चालते."

"अबे, कोणती चालते?"

"कोणतीही."

माहं डोस्कं फिरलं. मीच शिल्लक गाडी पक्की केली. ऋत्विक कागद घेऊन आला, तोंडभर हासत. "काका, तुम्ही नशीबवान. डिसेंबरची बनावट आहे. साल संपता संपता निघालेली. नावाला जुनी, नवीच समजा!"

निशिगंधा नोव्हेंबरात गेली. मी शालिग्रामच्या कानाशी लागलो, "गप राय. कडूबा काय कागद पाहाले येते?"

पण तो उठला. "हिच्या मांगची नाई का?"

"मागची म्हणजे?"

"हिच्या पहिले बनलेली. दिवाळीच्याही पहिलेची."

"काका, लोक पुढची मागतात, आणि तुम्ही..."

"जुनी दे रे! कशीही असू दे, जुनी दे!" तो वरडला. शोरूममधले सारे पाहाले लागले. इतक्या महिन्यात त्याचा असा आवाज मी पहिल्यांदा आयकला.

ऋत्विक घाबरला. कोपऱ्यात एक धुळकट गाडी उभी होती, टाकीवर चरे, सीट दबलेली. "तेवढी जुनी म्हणजे ही एकच, काका. ट्रायलची. गणपतीत आली, अख्ख्या मलकापूरनं चालवलीय. ही विकायची नाही."

शालिग्राम त्या गाडीपाशी गेला आन् टाकीवर हात ठेवून उभा राह्यला.

"दया, हे गाडी आली तवा निशिगंधा होती."

"हो रे."

"जानेवारी तिच्या नशिबातच नाई, हे मले काय मालूम बे? दसऱ्याले घे म्हणे ते. तिनं हट्ट केला होता. मीच तिले सालाचा हिशेब शिकवला."

आन् तो त्या चाकापाशी खालीच बसला आन् पोरावानी रडाले लागला. मीही रडलो, काऊन लपवू? ऋत्विक हातात कागद धरून तसाच उभा होता. काय करू, असं त्यानं मले खुणेनं इचारलं.

मी म्हणलं, "तुह्या मालकाले फोन लाव. त्याले म्हण, गिऱ्हाईकाले हेच गाडी पाहिजे."