पुंजारामनं हॉटेल निवडलं

जमुनाबाईला संशयी म्हणणाऱ्यांनी आधी तिचा संसार करून पाहावा, मग तोंड उघडावं. अमरावतीच्या फूल बाजारात गिऱ्हाईक हार उलटासुलटा करून पाहतं, अन् ही बाई गिऱ्हाइकालाच उलटंसुलटं करून पाहते, असं शेजारच्या हारवाल्या म्हणतात. म्हणोत बापड्या! त्यांचे नवरे पुंजारामसारखे नव्हते.

पुंजाराम तसा गरीब गाय. बोलणं हळू, कामाला वाघ, झेंडू-शेवंती हातात धरावी तर त्यानंच. पण दारू दिसली की सगळं सोडून मोकळा. सहा वर्षांपूर्वी ऐन दसऱ्याच्या दिवशी फुलांनी भरलेला ऑटो दारूच्या दुकानासमोर उन्हात टाकून हा पठ्ठ्या आत जाऊन बसला. फुलं सुकली ते सुकली, पण त्याला उठवून आणायला प्रणाली आत गेली. बारावीतली पोरगी, बापाचा दंड धरून सगळ्यांच्या देखत बाहेर आली. ते जमुनाबाईच्या काळजात रुतलं ते रुतलंच.

त्यानंतर त्यानं गुरुकुंज मोझरीला जाऊन महाराजांच्या समाधीपुढं दारू सोडायची शपथ घेतली. तेव्हापासून थेंबाला शिवला नाही. म्हणजे, असं तो म्हणतो! जमुनाबाई रोज संध्याकाळी त्याला पाण्याचा गडवा देते अन् देता देता त्याचं तोंड हुंगते. सण असो, पाहुणे असोत. दर्यापूरच्या एका लग्नात तर भर पंगतीत वाकून हुंगलं तिनं. पुंजाराम मुकाट पाणी प्यायचा.

आता प्रणाली नाशिकला नोकरी करते. आईबापाच्या लग्नाला पंचवीस वर्षं होणार म्हणून तिनं तिकडं द्राक्षांच्या बागेत दोघांना राहायला खोली ठरवली अन् फोन केला.

"तिकडं वाईन करतात ना वं? म्हणजे दारूच ना?" जमुनाबाईनं पहिलं हेच विचारलं.

"तू नको पिऊ ना आई. संध्याकाळी कुठं जेवायचं तेवढं बाबांना ठरवू दे. मस्त रोमँटिक जागा आहेत, टेबलावर मेणबत्त्या लावतात."

"काहून? लाइट नाही काय त्यायच्यात?"

पोरगी खो खो हसली, पण जमुनाबाईला हसू आलं नाही. कारण पुंजारामचं लक्षण बदललं होतं. ज्या माणसानं जन्मात स्वतःचा सदरा निवडला नाही, तो चष्मा लावून हॉटेलांचे फोटो पाहू लागला! ही जवळ गेली की फोन खिशात. प्रणालीनं एक थाळीचं हॉटेल सुचवलं, साधं, दारूचं नावही नाही. जमुनाबाई म्हणाली, हेच ठरवा. हा म्हणाला, "तिथं नोको, गर्दी रायते." दुसरं नदीकाठचं होतं, तिथं पिणाऱ्यांची बसायची जागा वेगळी. "हे बी नोको." का नको, ते सांगेना. कुठंतरी पाणी मुरत होतं, अन् कुठं मुरतंय ते जमुनाबाईला चांगलं ठाऊक होतं.

एक दिवस ती सकाळी शेतात फुलं तोडत होती. विहिरीच्या पलीकडून त्याचा आवाज आला. फोनवर होता.

"वाईन टेबलावरच आणून देता ना भाऊ? वेगळ्या खोलीत नोको. बाजूचे लोकं बी पेत असले पाह्यजे... हो, दोघंच. मंडळी हाय सोबत."

जमुनाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. टोपली तिथंच आपटून ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"सांगा त्याले, मी येत नाही! अन् तुमी बी जात नाही! सहा वर्षं सोंग करून राहिले काय माह्यासमोर? मोझरीची शपथ इसरले?"

पुंजारामनं फोन बंद केला. 

"सहा वर्षांपासून तू माहं तोंड हुंगून राहिली, जमुना. मी काही म्हटलं? घरी दारू नाही, वावरात नाही, बाजारात तू बाजूले. तुले वाटते, भेटत नाही म्हून पेत नाही. मले बी कधी कधी तसंच वाटते. म्हून म्हटलं, जिथं बाटली हातभर अंतरावर हाय तिथंच बसू. तू समोर बस. पाहून घे एकदा."

"अन् घेतली तर?"

"तर खरं काय ते समजन. तुले बी, मले बी."

जमुनाबाई बांधावर बसली. राग कुठल्या कुठं गेला अन् नुसती भीती उरली. "मले भेव लागते हो," ती म्हणाली. "इश्वास ठेवला अन् तुमी पुन्हा घेतली, तर मी काय करू? संशय असला म्हंजे निदान सावध तरी रायते मी." 

तरी गेले दोघं. बडनेऱ्याला गाडीत बसल्या बसल्या तिनं त्याची पिशवी चाचपली. अकोल्याला तो पाणी आणायला उतरला होता, म्हणून गाडी सुटल्यावर पुन्हा एकदा चाचपली.

हॉटेल उघड्यावर होतं, समोर वेलींच्या रांगा. टेबलावर खरोखरच मेणबत्ती. बाजूला एक तरुण जोडपं ग्लासाला ग्लास लावून हसत होतं. वेटर आला अन् लग्नाचा वाढदिवस म्हणून हॉटेलकडून भेट, असं सांगत लाल वाईनचे दोन भरलेले ग्लास ठेवून गेला. न मागता!

पुंजारामनं हात मांडीवर घेतले.  'उचला हे' असं वेटरला बोलावून सांगायला जमुनाबाईची जीभ वळवळली. पण ती उठली.

"मी हात धुऊन येते."

"थांब ना," पुंजाराम भेदरून म्हणाला. "तू समोर पाह्यजे असं ठरलं होतं."

"ते तुमी ठरवलं होतं," ती म्हणाली अन् निघून गेली.

आत नळाखाली हात धरला अन् तिचा जीव टांगणीला लागला. आता उचलला असेल. आता घोट घेतला असेल. दोन ग्लास आहेत, दोन्हींतली थोडी थोडी पिऊन वर पाणी ओतेल लेकाचा! एवढी वर्षं डोळ्यांत तेल घालून जपलं, अन् आपल्याच हातानं त्याला बाटलीपुढं सोडून आलो! ती दारापर्यंत आली, परत फिरली. पुन्हा आली, पुन्हा फिरली. तोंडावर पाणी मारलं. धावत सुटावं, त्याच्या हातून ग्लास हिसकावून घ्यावा असं तिला वाटत होतं. पण ती मुद्दाम हळूहळू चालत आली.

पुंजाराम दोन्ही हात मांडीखाली दाबून बसला होता, नजर तिच्या वाटेवर.

"पाहून घे," तो घाईघाईनं म्हणाला. "जसेच्या तसे हायेत दोन्ही. पाहून घे ना, जमुना."

जमुनाबाईनं ग्लासांकडं पाहिलं नाही. खुर्ची ओढून बसली अन् मेनूचं कार्ड त्याच्यापुढं सरकवलं.

"मी पाहाले नाही आली. जेवाले आली. काय काय हाय, वाचून सांगा."

पुंजारामनं कार्ड उचललं, पण त्याला वाचता येईना. बाजूचं जोडपं वळून पाहू लागलं, तसा तो कार्डाआड तोंड लपवून हुंदके देत राहिला.