आप्पांची डावी पोटरी

आमच्या भावकीत कुणाचा रक्ताचा रिपोर्ट आला की तो आधी माझ्या फोनवर येतो, डॉक्टरकडे नंतर जातो. मी बी.एस्सी. झालोय. घराण्यातला पहिला, आणि तोही रसायनशास्त्र घेऊन. जतकडच्या आमच्या गावात हे अजून पाहुण्यांना सांगितलं जातं. साताऱ्यात एमआयडीसीतल्या कारखान्यात मी रंगाची तपासणी करतो. माणसाच्या रक्ताशी माझा काही संबंध नाही. पण ते कुणी विचारत नाही, आणि खरं सांगायचं तर मीही आपणहून कधी सांगितलं नाही. आकड्यापुढं ‘एच’ असलं तर जास्त, ‘एल’ असलं तर कमी, एवढ्यावर मी बरीच वर्षं काढली.

मग एका वर्षी वडिलांना, म्हणजे आप्पांना, न्यूमोनिया झाला. आप्पा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, कधी दवाखान्याची पायरी न चढलेले. सांगलीच्या दवाखान्यात नऊ दिवस काढले. तिथं मला सीआरपी हा शब्द पाठ झाला. अंगात दाह किती आहे ते त्या आकड्यावरून कळतं, असं मला सांगितलं गेलं. दाखल केलं तेव्हा तो पावणेदोनशेच्या घरात होता. रोज सकाळी मी नर्सला आधी आकडा विचारायचो आणि मग आप्पांना, कसं वाटतंय म्हणून. घरी सोडताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “घरातल्या घरात चालवत राहा, पाणी प्यायला द्या. आठ दिवसांनी रक्त तपासा आणि रिपोर्टबरोबर पेशंटलाही दाखवायला आणा.”

यातलं चालणं पहिल्याच दिवशी बंद पडलं. आमच्याकडं आजाऱ्याला भेटायला माणसं येतात, आणि आलेल्या माणसापुढं आजारी हिंडता-फिरता दिसणं बरं नव्हे. आई आप्पांना उठूच देईना. “माणसं काय म्हणतील? पडा गप.” सकाळपासून दिवेलागणीपर्यंत माणसं येत राहायची आणि आप्पा चादर ओढून कॉटवर. मी महिनाभराची रजा टाकलेली. मलाही तेच बरं वाटत होतं, माणूस डोळ्यापुढं निवांत पडलेला.

आठव्या दिवशी जतला रक्त दिलं. दुपारी रिपोर्ट फोनवर आला. सीआरपी अकरा. मी अंगणातूनच ओरडून सांगितलं. आईनं देवापुढं साखर ठेवली आणि जमलेल्यांच्या हातावर दिली. एका चुलत्यांनी विचारलं, “मग सांगलीला कवा जायाचं दावायला?” माझ्या आधी आईच बोलली, “आता कशाला? घरात वाचणारा हाय की.” मी फोन खिशात टाकला. ते ऐकायला गोड लागलं होतं, आणि गाडीनं तेवढं अंतर पुन्हा जायचा मला कंटाळाही आला होता.

त्याच्या दुसऱ्या दिवशी आप्पांची डावी पोटरी दुखायला लागली. पडून पडून शीर आखडली असेल म्हणून दोन दिवस कुणी मनावर घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी तालमीतल्या वस्तादांना बोलावलं. वस्ताद सत्तरीपुढचे, आप्पांच्या बरोबरीचे. सगळ्या गावाचे हातपाय त्यांनीच चोळलेले. आईनं तेल कोमट करून वाटी ठेवली.

वस्तादांनी तेलाला हात लावायच्या आधी दोन्ही तळवे आप्पांच्या दोन्ही पोटऱ्यांवर ठेवले आणि नुसते धरून बसले.

“ही गरम हाय,” ते म्हणाले. “ती न्हाई.”

“ताप उतरलाय वस्ताद. रिपोर्ट बघा ना.” मी फोन पुढं केला.

“मला कुठं वाचता येतंय बाबा? तू वाचलास न्हवं?”

“वाचला. अंगात सूज नाही आता. आकडा एकदम खाली आलाय.”

“आसंल. पर ह्यो पाय बघ की गड्या, त्या पायापरीस केवढा झालाय. मी चोळणार न्हाई ह्याला. सांगलीला दावा.”

आप्पा हसले. “आरं, हातात जोर ऱ्हायला न्हाई म्हण की सरळ. म्हातारा झालास.”

“व्हय, न्हाई ऱ्हायला,” वस्ताद म्हणाले आणि उठले. चहा न घेता गेले.

मला त्यांचा राग आला. अंगठा उठवणारा माणूस माझ्यापुढं रिपोर्ट खोटा पाडतो, असंच मला वाटलं. मी वाटी ओढली आणि स्वतः चोळायला बसलो. आप्पा कण्हत होते. “जरा दमानं रं,” म्हणत होते. दुखतंय म्हणजे शीर मोकळी होतेय, असं मी त्यांना सांगितलं. दोन दिवस, सकाळ-संध्याकाळ. बीएस्सी झालेला पोरगा बापाचे पाय चेपतोय, हे आईनं शेजारणीला ऐकवलंसुद्धा.

तिसऱ्या दिवशी सकाळी आप्पा मोरीपर्यंत चालत गेले आणि भिंतीला धरून खालीच बसले. श्वास पुरेना. छातीत कळ येतेय म्हणाले. ओठ काळेनिळे पडलेले. गावातलीच एक जीप मिळाली. सांगलीपर्यंत मी मागं त्यांना छातीशी धरून बसलो होतो आणि प्रत्येक श्वास मोजत होतो. तेव्हा मला दुसरं काहीच मोजता येत नव्हतं.

डॉक्टरीणबाई त्याच होत्या. पायाची सोनोग्राफी झाली, छातीचा स्कॅन झाला. पोटरीतल्या शिरेत रक्ताची गाठ होती आणि तिचा तुकडा फुप्फुसात गेला होता.

“पाय चोळला का कुणी?”

“मी चोळला.”

त्या रागावल्या नाहीत. कागदावर काहीतरी लिहिलं. मग थकल्या आवाजात म्हणाल्या, “सीआरपी जास्त म्हणजे अंगात कुठंतरी दाह आहे, एवढंच कळतं. कुठं आहे ते कळत नाही. असा दाह असला की रक्त गोठायला लवकर तयार होतं, त्यात हे पडून राहिले. गाठ त्याच दिवसांत धरली असणार. पुढं दाह ओसरला, आकडाही ओसरला. गाठ तिथंच राहिली. म्हणून पेशंटला आणा म्हटलं होतं. मी पाय बघितले असते.”

“चोळल्यामुळंच तुकडा सुटला का?”

“ते मी खात्रीनं नाही सांगू शकत. न चोळताही सुटतो. पण चोळायला नको होतं.”

त्यांनी हो म्हटलं असतं तरी बरं झालं असतं. मला आजही ते ठाऊक नाही, आणि आता ते कळायचंही नाही.

आप्पा वाचले. बारा दिवसांनी घरी आले, रक्त पातळ करायच्या गोळ्या घेऊन. माझी रजा संपली. मग दर शनिवारी सातारा-सांगली-जत आणि रविवारी उलटं, असं सुरू झालं. आप्पांना जिना चढला की अजून दम लागतो. मला न चढताच लागतो.

पहिल्याच रविवारी वस्ताद आप्पांना बघायला आले. मी त्यांच्या पाया पडलो. “माझं चुकलं,” म्हणालो.

“आसू दे.” त्यांनी चहा घेतला, बशीत ओतून, सावकाश. मग म्हणाले, “असला पाय मी एकदा चोळलाय. थोरल्या भावाचा. तासाभरात गेला. माझ्या हातनं गेला का आपला आपण गेला, देव जाणं. तवापास्नं आधी दोन्ही पाय धरून बघतो.”

“मग त्या दिवशी का नाही सांगितलंत?”

“तू ऐकत हुतास व्हय?”

आप्पा म्हणाले, “ह्याच्यापुढं कोण बोलणार? शिकलेला हाय त्यो.” टोमणा होता की कौतुक, मी विचारलं नाही.

रिपोर्ट अजूनही माझ्या फोनवर येतात. मी प्रत्येकाला एकच लिहून पाठवतो, मला यातलं कळत नाही, डॉक्टरला दाखव. लोकांना वाटतं मला घमेंड चढलीय.

गेल्या शनिवारी आप्पांचा रिपोर्ट आला. मी घरात पाऊल टाकलं तसं त्यांनी विचारलं, “किती आला रं?”

“चांगला आलाय. सोमवारी सांगलीला जायचंय, दाखवायला. मी रजा काढलीय.”

“वाचलास न्हवं तू?”

“वाचला. तरी जायचं.”

पोटऱ्यांचं माप घ्यायला आईच्या शिलाई मशीनच्या खणातली टेप मी काढली, आणि त्यांनी धोतर गुडघ्यापर्यंत सारून दोन्ही पाय माझ्यापुढं केले.