थांबाबाईचा नियम

अध्यापक विद्यालयात आमच्या वर्गातल्या एकीला सगळे थांबाबाई म्हणायचे. मुलाला प्रश्न विचारला की उत्तर आपण द्यायचं नाही, थांबायचं, असं आम्हाला शिकवलेलं. आमच्यापैकी कुणाला ते जमत नसे. आमचीच जीभ वळवळायची. थांबाबाई मात्र हसऱ्या चेहऱ्यानं ढिम्म उभी राहायची. कॅन्टीनवाल्याला "चहा आहे का?" विचारलं तरी तशीच थांबायची, आणि आम्ही तिला चिडवून बेजार करायचो.

सरावाच्या शाळेत आम्ही पालकांसाठी गणिताची संध्याकाळ ठरवली. बाकं भिंतीला सरकवली, टेबलांवर मणी, ठोकळे आणि चित्राखाली गणित लिहिलेली कार्डं मांडली. नियम थांबाबाईनं केला: कार्ड मोठ्यांनी वाचायचं, गणित मुलांनी सोडवायचं. आम्हाला तो फारच आवडला. तो कुणाला अडेल, हे आम्हा शहाण्यांपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही.

तिच्या टेबलाशी दोन वेण्यांची एक मुलगी वडिलांना ओढत घेऊन आली. वडील रंगारी, कोपरापर्यंत हात घासून आलेले, तरी नखांत पिवळा रंग. ते पहिल्यांदाच शाळेत येत होते आणि पोरीनं वर्गभर त्याचा डांगोरा पिटला होता.

"बाई, मी वाचते ना," मुलगी म्हणाली.

"नाही हं. आज बाबांची पाळी."

रंगाऱ्यानं खिसे चाचपले. "चष्मा घरीच राहिला बघा."

दुसऱ्या कुणी तिथंच सोडून दिलं असतं. थांबाबाई धावत गेली आणि शिपाईकाकांचा वाचायचा चष्मा घेऊन आली. मदत केल्याचा आनंद तिच्या चेहऱ्यावर मावत नव्हता. रंगाऱ्यानं चष्मा चढवला, कार्ड जवळ धरलं, लांब धरलं. आणि ती थांबली. हसत, मान डोलावत, शिकवल्याप्रमाणे.

"हं... पाच सफरचंदं आहेत," तो चित्राकडे बघत म्हणाला, "त्यातली दोन खाल्ली..."

"काका, असं नाहीच लिहिलंय त्यात!" शेजारच्या टेबलावरचं पोरगं फिदीफिदी हसलं.

"बाबा गंमत करतायत!" मुलगी ओरडली, कार्डावर वाकली आणि गाणं म्हटल्यासारखं सगळं मोठ्यानं वाचून मोकळी झाली. लोक हसले. रंगारीही हसला, पण त्याचे कान लालबुंद झाले होते.

तो गाण्याचा सूर थांबाबाईच्या ओळखीचा होता. तिचे वडील टेम्पो चालवायचे. लहानपणी शेजारी बसून ती रस्त्यावरची प्रत्येक पाटी अशीच मोठ्यानं वाचायची, जणू खेळच. वडील काही न बोलता बरोबर वळायचे. दोघांनी त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. आणि आज तिनंच एका बापाला लेकीदेखत, चारचौघांत उघडं पाडलं होतं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"भिंत अर्धी ठेवून आलोय," म्हणत रंगारी लेकीचा हात धरून निघाला. गडबडीत चष्मा नाकावरच राहिला. तिला मागे धावावंसं वाटलं, पण धावून बोलणार काय?

शेवटी आमच्या विद्यालयाच्या मॅडमनी सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं. "थांबावं कसं, हे हिच्याकडून शिका." आम्ही टाळ्या वाजवल्या. ती जमिनीकडे बघत "थँक्यू मॅडम" म्हणाली. परतताना तिनं मला सगळं सांगितलं, आणि सगळ्यात जास्त लाज तिला त्या थँक्यूचीच वाटत होती.

दुसऱ्या दिवशी मी फळा पुसत होते, तेव्हा ती मुलगी दारात आली. रुमालात गुंडाळलेला चष्मा तिनं थांबाबाईपुढे धरला.

"बाबांनी पुसून दिलाय. चुकून आला म्हणाले."

"रागावलेत का गं ते माझ्यावर?"

"नाही." पोरीनं मागं वळून बघितलं आणि आवाज खाली आणला. "बाई, पुढच्या वेळी ते कार्ड मला आदल्या दिवशी द्याल? मी त्यांच्याकडून पाठ करून घेईन. कुणाला कळणार नाही."

तिचं बोलणं पुरतं संपायच्या आत थांबाबाई "देते" म्हणून गेली. पोरीच्या नजरेला नजर देणं मात्र तिला जमलं नाही.